दीडशेचा फिल्टर : प्रकल्प नोंदी

६ एप्रिल २०२५, रविवार. लातूर

गाडी : पेट्रोल हॅचबॅक, नऊ वर्षं जुनी, काटा ७८ हजारांच्या पुढं. काम : इंजिन ऑइल आणि ऑइल फिल्टर घरीच, अंगणात बदलणे.

मॅन्युअलमध्ये दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं छापलंय. त्याच पानावर खाली बारीक अक्षरात आणखी एक ओळ आहे. धुळीचे रस्ते, छोट्या फेऱ्या, कडक ऊन असं काही असेल तर हे अंतर निम्म्यावर आणा. लातुरातली कुठली गाडी यातून सुटते ते कंपनीने दाखवून द्यावं. सकाळी पोरीला शाळेत सोडायचं, दोन किलोमीटर, इंजिन धड तापायच्या आत बंद. रविवारी औशाच्या पुढं शेतावर, शेवटचा तुकडा पांदणीचा. ऊन तर काय, सांगायला नको.

घरी करायचं कारण पैसे वाचवणं नाही, फारसे वाचतही नाहीत. गेल्या खेपेला गॅरेजमधून गाडी आणली तेव्हा चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या भांड्याच्या, बोल्टाखाली महिनाभर थेंब जमत होता. वायसर जुनाच ठेवला होता. पाच-दहा रुपयांचा वायसर. तेव्हाच ठरवलं की पुढचं काम आपण करायचं.

आज फक्त पाहणी. बॉनेट उघडून वरून बघितलं तर फिल्टर दिसत नाही. टॉर्च घेऊन खाली आडवं झालं तर दिसतो. इंजिनाच्या मागच्या अंगाला, आडवा बसवलेला, वर सायलेन्सरचा तापणारा पाइप, खाली एक्सल, बाजूला वायरींचा जुडगा. हात जातो, पण मूठ वळत नाही. ज्याने हे इंजिन कागदावर काढलं त्याने फिल्टरला जागा दिली आहे, हाताला दिलेली नाही.

१० एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी गंजगोलाईकडे गेलो होतो, तिथून पुढं स्पेअर पार्टच्या दुकानांत.

फिल्टर दीडशेच्या आत मिळाला. चेंबरच्या बोल्टाचा नवा ॲल्युमिनियमचा वायसर मागितला तर दुकानदाराने आधी माझ्याकडे बघितलं, मग ड्रॉवर उचकून एक काढला नि फुकटच दिला. वायसर मागणारं गिऱ्हाईक त्याला फारसं भेटत नसावं.

खरी गंमत ऑइलच्या डब्याची. गाडीला फिल्टर धरून ३.१ लिटर लागतं. ५डब्ल्यू-३० ग्रेडचा डबा एक ३ लिटरचा, एक ३.५ लिटरचा. म्हणजे तीनचा घ्यावा तर शंभर मिली कमी, साडेतीनचा घ्यावा तर चारशे मिली उरणार आणि ते माळ्यावर डब्यांच्या रांगेत जाऊन बसणार. साडेतीनचा घेतला. रांगेत एक डबा वाढला.

फिल्टर खोलायचा पाना कुठला घ्यावा यावर बराच वेळ गेला. बाजारात चार जाती. पट्ट्याचा, म्हणजे फिल्टरभोवती पट्टा आवळून फिरवायचा. साखळीचा, तोच प्रकार पण दात असलेला. तीन पंजांचा, जो फिरवताना आपोआप आवळतो. आणि कप, म्हणजे फिल्टरच्या बुडावर टोपीसारखा बसणारा, मागून गोटी पान्याचा दांडा लावायचा. जागा कमी असेल तिथं कप सगळ्यांत बरा, कारण त्याला बाजूने जागाच लागत नाही. माझ्या नव्या फिल्टरला ६५ मिमीचा, चौदा पैलूंचा कप चपखल बसला. तोच घेतला.

१२ एप्रिल, शनिवार, हनुमान जयंती

अंगणात शहाबादी फरशी आहे. जॅकचं बूड तळहाताएवढं, त्यावर गाडीच्या पुढच्या अंगाचा भार. फरशीखाली पोकळी असेल तर ती तडकणार हे नक्की. वाजवून बघितली. दोन ठिकाणी भद्द वाजली. तिथं गाडी लावायची नाही. इतर ठिकाणी बाभळीच्या जाड फळ्या टाकून त्यावर जॅक आणि घोड्या, म्हणजे उचललेली गाडी धरून ठेवणारे लोखंडी स्टँड. घोड्या मेव्हण्याच्या आहेत, परत द्यायच्या आहेत.

शेजारचे तात्या गेटमधून बघत होते. "कामून कुटाणा करायलास? इटा लाव की खाली, चार इटा."

विटा नाही. वीट दाबून सांगत नाही की मी आता चालले. एकदम भुगा होते, आणि त्या वेळी आपली छाती खाली असते. गाडी फक्त जॅकवर ठेवूनही खाली शिरायचं नाही. जॅक उचलण्यापुरता, धरून ठेवायला घोड्या, मागच्या चाकांना दोन्हीकडून दगड, हँडब्रेक ओढलेला, गाडी पहिल्या गिअरमध्ये. हे सगळं तात्यांना सांगितलं. ते म्हणाले, "आमच्या वेळी असलं काही नव्हतं." त्यांच्या वेळी गाडीच नव्हती, ट्रॅक्टर होता.

खालचं प्लॅस्टिकचं झाकण काढलं. त्याच्या क्लिपा उन्हाने इतक्या कडक झाल्यात की पेचकस लावला की डोकं हातात येतं. तीन शाबूत निघाल्या, बाकीच्या गेल्या.

१३ एप्रिल, रविवार

सकाळी सहाला सुरुवात. नऊनंतर फरशीवर पाठ टेकत नाही.

क्रम आधीच ठरवला होता. पहिल्यांदा फिल्टर हलतो का ते बघायचं, मग चेंबरचा बोल्ट खोलायचा. सगळीकडे उलटं सांगतात, आधी ऑइल काढा मग फिल्टर. पण ऑइल काढून टाकल्यावर फिल्टर निघाला नाही तर गाडी जागेवर अडकते, गॅरेजपर्यंतही नेता येत नाही. आधी फिल्टर पाव फेरा सैल करून परत हाताने टेकवून ठेवायचा, एवढं जमलं तर पुढं जायचं.

जमलं नाही.

कप बसलाच नाही. नव्या फिल्टरवर चपखल बसणारा कप जुन्यावर गोल फिरतो. टॉर्च मारून बघितलं, गेल्या वेळी लावलेला फिल्टर वेगळ्याच बनावटीचा. त्याचं बूड जरा लहान आणि पैलूंची संख्या वेगळी. म्हणजे कप पुढच्या वेळेसाठी उत्तम, या वेळेसाठी निकामी.

मग पट्ट्याचा पाना. पट्टा घातला, दांडा ओढला, दांडा थोडा सरकून एक्सलला टेकला. परत सोडायचा, पट्टा मागं घ्यायचा, परत ओढायचा. प्रत्येक ओढीत पट्टा फिल्टरवरून घसरतो कारण वरचा पत्रा तेलकट. पुसला, पुन्हा घसरला. तीन पंजांचा शेजारच्या गल्लीतून आणला, तो फिल्टर आणि एक्सल यांच्या मधल्या फटीत शिरतच नाही.

दिशेचाही एक घोळ आहे, खाली आडवं पडल्यावर डोकं नेमकं त्यातच अडकतं. फिल्टरच्या बुडाकडे तोंड करून बघितलं तर सोडायचं ते घड्याळाच्या उलट. पण इथं बूड माझ्याकडे नाही, गाडीच्या मागच्या बाजूला आहे आणि माझं डोकं पुढं आहे. म्हणजे मला दिसतं त्याच्या विरुद्ध. शेवटी नव्या फिल्टरच्या बुडावर मार्करने बाण काढला, तो जुन्याच्या शेजारी त्याच दिशेने धरला आणि बाणाकडे बघून जोर लावला. हे केलं नाही तर माणूस अर्धा तास आवळत बसेल आणि फिल्टरला शिव्या देईल.

तात्यांचा सल्ला : लांब पेचकस घ्यायचा, हातोडीने फिल्टरच्या आरपार घालायचा आणि पेचकसालाच दांडा समजून फिरवायचा. गॅरेजात करतात, मीही बघितलंय. नाही म्हटलं. फिल्टरचा पत्रा पातळ असतो, सील चिकटलेलं असेल तर पत्रा फाटत जातो आणि तळाची जाड चकती इंजिनालाच राहते. मग ती छिन्नीने मारून काढा. शिवाय एकदा भोक पडलं की माघार नाही, गाडी सुरू करता येत नाही. आतापर्यंत गाडी चालू आहे, ऑइल आत आहे, काही बिघडलेलं नाही. हे असंच राहू दे.

नऊ वाजता झाकण न लावताच गाडी खाली घेतली. भाचा आला होता. "मामा, झालं का?" म्हटलं, पाहणी झाली. "पाहणी मागच्या रविवारी झाली ना?"

१४ एप्रिल, सोमवार

आंबेडकर जयंती. दुकानं बंद, मिरवणुकीची तयारी, रस्ते निळे. काम नाही.

१५ एप्रिल, मंगळवार

ऑफिसातून येताना उस्तादांकडे थांबलो. त्यांचं गॅरेज टपरीएवढं, पण शहरातले जुने मिस्त्री अडलं की त्यांच्याकडेच येतात. गाडीखाली एक मिनिट डोकावले, हात घातला, बोटाने फिल्टर चाचपला आणि हसले.

"इसपे चेन पाना मारेला है. लगाते टाइम."

मला टॉर्च धरायला सांगून दाखवलं. फिल्टरच्या अंगावर साखळीच्या दातांचे वळ, ओळीने. सोडताना पडले असते तर एका बाजूला ओरखडले असते, हे दुसऱ्या बाजूला ओरखडलेत. म्हणजे गेल्या वेळी ज्याने बसवला त्याने हाताने नाही, साखळीच्या पान्याने आवळला.

इथं सगळा उलगडा आहे. फिल्टर हाताने आवळायची वस्तू आहे. तसं त्याच्या डब्यावरच छापलेलं असतं : सील टेकल्यावर पाऊण फेरा. माझ्या मॅन्युअलमध्ये आवळायच्या जोराचा आकडा १४ न्यूटन-मीटरचा. आट्यांची पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, दीड मिमी धरली तर पाऊण फेऱ्यात रबर एक मिमीपेक्षा जरा जास्त दबतं, तेवढ्याने ऑइल अडतं. त्यापुढं कितीही जोर लावला तरी ऑइल जास्त अडत नाही, फक्त रबर चिरडतं. मग इंजिन रोज तापतं, थंड होतं, रबर भाजून धातूला चिकटत जातं, आणि वर्षाने जो खोलायला बसतो त्याचा जीव जातो. आवळणाऱ्याला फिकीर नसते कारण खोलणारा तो नसतो. गिऱ्हाईकाने गळतीची तक्रार घेऊन परत येऊ नये एवढंच त्याच्या डोक्यात. गळती मात्र झालीच, ती वायसरातून.

उस्तादांनी दोन गोष्टी सांगितल्या. एक, "ठंडे में हात मत लगाव. पाच-सात किलोमीटर घुमा के लाव, फिर बैठो." रबर गरम असताना मऊ पडतं, चिकटलेलं सुटायला तयार होतं. पण सायलेन्सरचा पाइपही तेव्हा गरम असतो, म्हणून घुमवून आणल्यावर पंधरा-वीस मिनिटं थांबायचं आणि बाहीचा शर्ट घालायचा. दुसरं, त्यांनी एक वेगळाच पट्टा दिला. याला दांडा नाही. पट्टा एका चौकोनी लोखंडी तुकड्याभोवती गुंडाळतो आणि त्या तुकड्याला गोटी पान्याचा एक्स्टेंशन दांडा बसतो. म्हणजे पट्टा आत, आवळणारा हात बाहेर, हातभर लांब. एक्सलला अडण्याचा प्रश्नच नाही.

"और पट्टे के नीचे पॉलिस पेपर रखो. खरडा वाला."

पैसे घेतले नाहीत. पट्टा परत आणून द्या म्हणाले.

१६ एप्रिल, बुधवार

पहाटे पाचला उठून औसा रोडने फेरी मारून आलो. अंगणात येऊन गाडी चढवली, घोड्या लावल्या, गाडी ढकलून बघितली, हलत नाही. चहा. मग खाली.

ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर, खरडी बाजू फिल्टरकडे, त्यावर पट्टा. एक्स्टेंशन लावला, बाणाची दिशा पुन्हा बघितली, दांड्यावर हळूहळू भार दिला. धक्का नाही, नुसता भार. थोडा वेळ काही नाही. मग करकर असा आवाज आला आणि दांडा मऊ झाला. आधी वाटलं पट्टा घसरला. पट्टा नव्हता घसरला, फिल्टर फिरला होता.

हाताने टेकवून ठेवला आणि चेंबरकडे वळलो.

बोल्टाचं काम सोपं. रिंग पाना लावला, सैल केला, शेवटचे आटे बोटांनी, बोल्ट वर दाबून धरत फिरवायचा म्हणजे सुटताना ऑइल मनगटावरून कोपरापर्यंत येत नाही. खाली जुनी घमेली. काळी धार पडत राहिली. ती थेंबांवर येईपर्यंत नवा वायसर घातला नाही, घाई करण्यात अर्थ नाही. परत आवळायला मॅन्युअल ३५ न्यूटन-मीटर म्हणतं. माझ्याकडे जोर मोजणारा टॉर्क पाना नाही, पण हिशोब होतो : पाना २५ सेंटीमीटर लांब, म्हणजे टोकाला साधारण चौदा किलोचा जोर. तांदळाची दहा किलोची पिशवी उचलताना हाताला जे जाणवतं त्याच्या दीडपटीला जरा कमी. माणसं यावर पाय देऊन उभी राहतात. चेंबर ॲल्युमिनियमचा असेल तर आटे जातात, मग नवा चेंबर घ्या नाहीतर जास्त जाडीचा बोल्ट ठोका.

आता फिल्टर काढायचा. हा आडवा असल्यामुळं काढताना आतलं ऑइल एक्सलवर, तिथून खालच्या बीमवर, तिथून कुठं कुठं जातं. नंतर पंधरा दिवस ते थेंबथेंब खाली येत राहतं आणि गळती आहे की जुनंच सांडलेलं, कळत नाही. यावर उपाय कपाटात होता, आईच्या गुडघ्याचा जुना एक्स-रे. फिल्म लवचीक, घडी घातली तर पन्हाळी होते, ऑइल शोषत नाही. एक टोक फिल्टरखाली, दुसरं घमेल्यात. जवळजवळ सगळं ऑइल पन्हाळीतून आलं. आईने विचारलं, "तो लागणार नाही ना पुन्हा?" डॉक्टरांनी गेल्या वर्षी नवा काढलाय, त्यामुळं नाही.

फिल्टर हातात आला. उलटा करून बघितला तर तोंडावरचं रबरी कडं नाही.

चहूबाजूंनी शोधलं. घमेल्यात नाही, फरशीवर नाही. दाढीचा आरसा घेऊन खाली गेलो, टॉर्च मारला. कडं इंजिनालाच चिकटून बसलेलं. काळ्या रबरावर काळं ऑइल, नुसत्या डोळ्यांनी दिसायचं कारणच नाही. या अवस्थेत नवा फिल्टर बसवला असता तर दोन रबरं एकावर एक बसली असती. हाताला सगळं व्यवस्थित आवळल्यासारखं लागतं, गाडी सुरू होते, आणि दाब वाढला की वरचं रबर सरकतं आणि काही मिनिटांत सगळं इंजिन ऑइल रस्त्यावर. साखळीने आवळलेल्या फिल्टरबरोबर ही भेटही येते. लाकडी चपट्या पट्टीने कडं सोडवलं. पेचकस लावला नाही, त्या चकतीवर ओरखडा पडला तर नवं सीलही गळणार. मग सुती फडक्याने पुसून पुन्हा आरशात बघितलं, नख फिरवून बघितलं.

नव्याच्या रबराला बोटाने नवं ऑइल लावलं, हाताने फिरवला, टेकला, बुडावर मार्करची खूण केली, खुणेवरून पाऊण फेरा. पान्याला हात लावला नाही. फिल्टरच्या बुडावर तारीख आणि किलोमीटर लिहिले.

आधी २.८ लिटर ओतलं. गाडी सुरू केली, ऑइलचा लाल दिवा दोन-तीन सेकंदांत गेला. बंद करून पाच मिनिटं थांबलो, डीपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, बघितली, थोडं थोडं करून वरच्या खुणेच्या जरासं खाली आणून थांबलो. काठोकाठ भरायचा मोह आवरावा. जास्त झालेलं ऑइल खाली फिरणाऱ्या क्रँकच्या दांड्याच्या फटक्यात येऊन फेसाळतं, आणि फेसाने वंगण होत नाही.

झाकण शाबूत क्लिपांवर आणि केबल टायवर.

२० एप्रिल, रविवार

जुना फिल्टर चार दिवस उलटा ठेवून निथळवला होता. आज कापला.

कापायला हॅक्सॉ वापरायची नाही. ब्लेडचा चुरा घडीत शिरतो आणि मग चमकतंय ते इंजिनातलं की ब्लेडचं, कळत नाही. बुडाजवळ भोक पाडून पत्रा कापायच्या कात्रीने गोल फिरलो. वेळ लागतो, बोटं दुखतात, पण आत कचरा जात नाही.

आत : मधोमध भोकांची नळी, तिच्याभोवती कागदाच्या घड्या, एका टोकाला स्प्रिंगचा झडप, दुसऱ्या टोकाला रबरी पडदा. कागद सोडवून फरशीवर पसरला, सव्वा मीटरच्या आसपास भरला. एवढा कागद मुठीएवढ्या डब्यात. पूर्वी मोटारींना हे काही नव्हतं. पंपाच्या तोंडाशी जाळी, आणि ऑइल सारखं बदलत राहायचं. मोटारीचा ऑइल फिल्टर १९२३ साली अमेरिकेत अर्नेस्ट स्वीटलँड आणि जॉर्ज ग्रीनहाल यांनी आणला, प्युरोलेटर हे त्याचंच नाव. पुढची कित्येक वर्षं भांडं कायम ठेवून आतली वात, म्हणजे गाळणारा भाग, बदलायची पद्धत होती, अख्खा डबाच फिरवून काढायचा नि फेकायचा हे १९५०च्या दशकातलं. आता काही नव्या गाड्यांत पुन्हा भांडं आणि वात आलीय, पत्र्याचा कचरा कमी होतो म्हणून. तिथं मग प्लॅस्टिकचं झाकण तडकतं. प्रत्येक पिढीला आपापला त्रास.

घड्या पेट्रोलमध्ये धुतल्या, पेट्रोल पांढऱ्या फडक्यातून गाळलं. फडक्यावर काळा गाळ, त्यात बारीक चमक अगदी तुरळक. लोहचुंबकाला दोन-चार कण लागले. नऊ वर्षांच्या इंजिनाला एवढं चालतं. सोनेरी किंवा तांबूस पापुद्रे असते तर बेअरिंगची काळजी होती. नाहीत.

खरा शोध रबरी पडद्याचा. त्याचं काम एवढंच की इंजिन बंद झालं की फिल्टरमधलं ऑइल परत चेंबरमध्ये उतरू द्यायचं नाही. उभ्या, तोंड वर असलेल्या फिल्टरला त्याची फारशी गरज नसते, आडव्याला मात्र सगळी मदार त्याच्यावर. माझा बोटाने वाकवला तर पापडासारखा मोडला. काळं नायट्राइल रबर उष्णतेने असं होतं. चांगल्या फिल्टरांत बहुधा सिलिकॉनचा, नारिंगी किंवा तांबडा पडदा असतो, तो जास्त टिकतो.

गेल्या पावसाळ्यापासून सकाळी गाडी सुरू केली की दोन सेकंद खडखड यायची. गॅरेजात टॅपेट, म्हणजे इंजिनाचे व्हॉल्व्ह उघडणारे भाग, वाजतात म्हणाले होते, करून घ्या म्हणाले होते. आता कारण समोर आहे : रात्रभरात फिल्टर रिकामा, सकाळी पंपाने तो भरेपर्यंत वरच्या भागाला ऑइल नाही. बुधवारपासून खडखड बंद आहे. टॅपेटचे पैसे वाचले. फिल्टर घेताना तोंडाच्या भोकांतून पडद्याचा रंग बघून घ्यावा, दुकानदार काही म्हणत नाही.

२७ एप्रिल, रविवार

प्रश्न उरला तीन लिटर काळ्या ऑइलचा. मागणारे भरपूर. तात्यांना दरवाज्याच्या चौकटीला वाळवीसाठी हवं. भाच्याला कडबाकुट्टीच्या चेनला. कोपऱ्यावर बांधकाम चालू आहे, तिथला सेंट्रिंगवाला म्हणाला, डबा ठेवून जा, प्लेटांना लावतो, काँक्रीट चिकटत नाही.

आणि नालीत ओतणारेही आहेत. लातुरात राहून कुणाला हे सुचावं याचं मला नवल वाटतं. २०१६ च्या एप्रिलात याच शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आलं. नालीतलं, जमिनीत मुरलेलं शेवटी कुणाच्या तरी बोअरला जाणार. चौकटीला आणि प्लेटांना लावलेलं ऑइलही पहिल्या पावसात कुठं जातं ते उघड आहे. वापरलेल्या ऑइलमध्ये नुसतं तेल नसतं, जळालेल्या इंधनाची काजळी असते, झिजलेल्या धातूचे कण असतात. २०१६ च्या घातक कचऱ्याच्या केंद्रीय नियमांत ते घातक कचऱ्यातच मोडतं, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडं जायला हवं. मोठ्या सर्व्हिस सेंटरला त्याच्या नोंदी ठेवाव्या लागतात. अंगणात बदलणाऱ्याला कुणी विचारत नाही.

उस्तादांकडे दोनशे लिटरचं पिंप आहे, ते भरलं की घेऊन जाणारा येतो. पावती देतो का, विचारलं. दाखवली. तिथंच ओतलं, पट्टा परत केला. घड्या धुतलेलं पेट्रोल मात्र त्यांनी पिंपात ओतू दिलं नाही. मिसळलेला माल नाकारतात. ते बाटलीत वेगळं ठेवलंय, गंजलेल्या नटबोल्टांना कामाला येईल.

तात्या दोन दिवस बोलले नाहीत.

४ मे, रविवार

तुळजापूरला जाऊन आलो. परत आल्यावर लगेच फिल्टरखाली बोट फिरवलं, कोरडं. चेंबरचा बोल्ट कोरडा. एक्सलखाली एक तेलकट डाग होता तो पुसला, तासाभराने पुन्हा बघितला, आला नाही. डीपस्टिकवर ऑइल होतं तिथंच, रंग किंचित गडद.

झाकणाच्या क्लिपा अजून मिळाल्या नाहीत. प्रत्येक दुकानात जवळपासच्या मापाची देतात, ती एकतर निसटते नाहीतर शिरत नाही. केबल टाय चालू.

संध्याकाळी तात्या आले. त्यांच्या मुलाने पुण्याहून आणलेली गाडी, तिचंही ऑइल बदलायचंय, "तुला आता येतंय तर बघ की." बॉनेट उघडलं. फिल्टर वरच, समोर, उभा, भोवती वीतभर मोकळी जागा. बॉनेटखाली हात घातला की मुठीत येतो. मी काही बोललो नाही. तात्या म्हणाले, "का रं, अवघड हाय का?"